चौथ्या माळ्याचा कुत्रा

करंजाडे
सोमवार, १९ जानेवारी

पूर्वी, गो बाय माजे,

आशीर्वाद शेवटाला देईन, आधी भांडून घेते.

हे अक्षर बघून तुला वाटंल, आजी शाळेत गेली. नाय गेले. मी बोलते नि चौथ्या माळ्यावरची अरुंधतीबाई लिवते. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई, अक्षर मोत्यासारखं. पयलं पान मात्र मी तिला फाडायला लावलं. मी बोलले होते, "तुजा बापूस येडा झालाय," नि वाचून दाखव बोलले तर निघालं, "तुझे वडील सध्या अस्वस्थ असतात." मी बोलले, बाई, तिकीट माज्या पैशाचं, मंग शब्द पण माजेच जाऊ देत. आता ती मी बोलते तसं लिवते. तोंड वाकडं करून लिवते, पण लिवते.

तू बोलशील, फोन का नाय केलास. माज्या फोनात तू दोन नंबरच्या बटणावर होतीस, अजून हायस. मी त्यावर अंगठा ठेवते नि उचलते. फोन लावला नि तू नाय घेतलास, तर तू नाय घेतलास हे मला कळंल. कागदाचं तसं नाय. कागद वाटेत हाय असं धरून चालता येतं.

दिवाळीच्या तोंडावर तू सत्यजीतबरोबर कोर्टात सही करून बंगलोरला गेलीस. हितेश बोलला, परत उंबरा चढू नको. तो तुज्यावर रागावला, तू आमा सगळ्यांवर. भांडण बापलेकीचं. सातबाऱ्यावर माजं नाव कधी कुणी चढवलं नाय, या भांडणात मात्र तू बरोबर चढवलंस.

तुजा सुकट बरा हाय. विमानतळासाठी गाव उठला तेव्हा रिकाम्या पडवीत म्हावऱ्याच्या टोपलीत गावला होता, तेव्हा खरंच सुक्या म्हावऱ्यासारखा होता. आता बघशील तर वळखणार नायस. पाठीवर वंगण लावल्यासारखा चमकतो. पण एक झालंय. विमानं सुरू झाली. आपल्या मिठाच्या वाफ्यांवरनं वर चढतात नि थेट आपल्या बिल्डिंगवरनं जातात. सुकटला वाटतं, चोर चालले. प्रत्येक विमानाला तो शेवटचं टोक दिसंपर्यंत भुंकतो. मला विचारशील तर त्याचं फार चुकत नाय. पण सोसायटीचे लोक विमान खाली उतरवू शकत नायत, म्हणून कुत्र्याची तक्रार करतात. तुजा बापूस बोलला, होळीपर्यंत गप झाला तर ठीक, नायतर गव्हाणच्या यार्डात नेऊन गेटाला बांधतो. ते यार्ड तू बघितलंयस. कंटेनर, धूळ नि साखळी. तिकडं गेलेला कुत्रा पावसाळा बघत नाय.

आता माजं दुखणं. लिवा, अरुंधतीबाई, थांबू नका.

सकाळचा भात नि बोंबलाचं पाणी मी घालते. गोचीड मी काढते. तुज्या जुन्या ओढणीवर मी त्याला निजवते. नि दिवेलागण झाली की हा दाराला नखं घासतो, दार उघडलं की जिन्यानं सुसाट चौथ्या माळ्यावर. माज्या गुडघ्यांना ज्याचं सुख नाय असा जिना. मी हिला विचारलं, काय घालता त्याला? बोलते, "काही नाही हो आजी, नुसता बसतो." नुसता बसायला माज्याकडं लादी नाय काय? आमची लादी तर हिच्यापेक्षा भारी, बिल्डरनं जमीनवाल्यांना वेगळी घातलीय.

बघ, लिवताना हसते. जिंकलेली बाई अशीच हसते.

नि अजून एक. तुजा पत्ता आमच्या घरात कुणाकडं नव्हता. हिच्याकडं होता. कसा, तर बोलते, "कुरियर आलं तर पाठवायला, म्हणून पूर्वीनं दिला होता." बरं. कुरियरचं नशीब चांगलं.

आता आशीर्वाद घे. सत्यजीतला पण अर्धा दे.

तुजी आजी
चंद्रावती
(अंगठा माजा, शाई अरुंधतीची.)


करंजाडे
गुरुवार, ५ फेब्रुवारी

पूर्वी,

तुजं उत्तर आलं नाय. मी वाट बघत नव्हतेच. वॉचमनला आपलं सहज विचारते, रोज.

सुकटला गुरुजी आलेत. सुकापूरचा हृतिक. केसांना इतकं जेल की माशी बसली तर घसरंल. हितेशनं आणला. कुत्र्यांना शिकवायचा धंदा करतो, चांगलं चालतं बोलतो. पिशवीतनं त्यानं काळा पट्टा काढला, पट्ट्याला डबी, डबीला आतल्या अंगानं दोन खिळे. हातात रिमोट. बोलला, "आजी, पयल्या बटणावर आवाज, दुसऱ्यावर थरथर, तिसऱ्यावर..."

"करंट," मी बोलले.

"करंट नाय आजी. स्टिम्युलेशन."

"इंग्रजीत कमी लागतो काय रं?"

तेवढ्यात ही, जी आता लिवतेय ती, गाऊनवर ओढणी टाकून खाली आली. कुणी बोलावलं नव्हतं. मंग आमच्या हॉलात जी जुंपली ती तू बघायला हवी होतीस. ही बोलली, हे क्रूर आहे, परदेशात कित्येक ठिकाणी याला बंदी आहे. हृतिक बोलला, "मॅडम, तिकडं रस्त्यावर कुत्रे नसतात. इकडं मी उरण रोडला ट्रेलरखाली गेलेले उचलतो. हाकेला फिरला तो वाचतो. तुमचं बिस्कीट घरात चालतं. समोर मांजर पळालं की बिस्कीट कोण बघतो?" ही बोलली, "भीतीनं परत येणं म्हणजे काय परत येणं?"

मी बोलले, "बाई, आमी सगळ्या सासरी भीतीनंच परत आलो. संसार झालाच ना."

तुजी आयस उठली नि आत जाऊन चा ठेवायला लागली.

मी हृतिकला बोलले, आधी माज्या मनगटाला लाव. तो नको नको बोलत होता, मी लावायला लावला. मुंगळा चावल्यासारखं झालं. एवढंच. तुज्या आयशीनं मला याच्यापेक्षा जास्त टोचलंय. (हे तिला वाचून दाखवू नको, म्हणजे कुणी दाखवणार नायच.) मला आकडे येत नायत म्हणून त्यानं तुज्या कपाटातल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका रिमोटच्या, करंट कमीजास्त करायच्या चाकावर लावला. बोलला, चाक याच्या पुढं न्यायचं नाय. आधी आवाजाचं बटण, नायच ऐकला तर तिसरं, नि तेही टिचकी मारल्यासारखं.

तुला पटणार नाय, पण विमानाला तो गप झाला. वर बघतो, ओठ थरथरतात, हृतिक पयलं बटण दाबतो, सुकट खाली बसतो. तुजा बापूस इतका खूश की हृतिकला कोंबडी खाऊ घातली. यार्डाचं नाव घरात निघत नाय.

रिमोट आता माज्या कमरेला असतो, चाव्यांच्या जुडग्यात. हृतिक रोज थोडाच येणार.

नि ऐक. सुकटचं संध्याकाळी वर जाणं कमी झालंय. अर्ध्या जिन्यातनं फिरतो. मी काय करते? काय नाय. जिन्याच्या तोंडाशी उभी राहते नि "यू यू यू" करून हाक मारते, माजी आयस कुत्र्यांना मारायची तशी. नि तो फिरतो. अरुंधती विचारते, "आजी, अचानक कसा काय फिरतो?" लिवा, बाई. शहाणा झाला. कुणाचं मीठ खातो ते त्याला कळलं.

लिवताना हसली नाय या वेळी. मीच हसले.

आजी


करंजाडे
सोमवार, १६ फेब्रुवारी

पूर्वी,

अक्षर बघून दचकू नको. हे हृतिक लिवतोय. कोंबडा चिखलातनं गेल्यासारखं दिसंल, पण माणूस आपला हाय. चौथ्या माळ्याची शाई मी बंद केली. का, ते तुला माहीत हाय. तुला सगळं आधीपासनं माहीत हाय.

काल शिवरात्र. उपासानं डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून मी दिवेलागणीला पडले होते. तेवढ्यात सुकट सटकला. मी उठले, लिफ्टनं वर गेले. हिचं दार लोटलेलं. आत दिवा नव्हता, फोनचा उजेड तेवढा. नि तुजा आवाज.

मला आधी वाटलं, पोरगी आली. चपला शोधल्या मी तुज्या, दाराबाहेर. वेडी बघ.

तू बोलत होतीस, "सुकटी, कुठं होतास रे इतके दिवस? माझा बाळ तो." नि तो फोनच्या काचेला नाक लावून असा कण्हत होता, जसा माज्यासाठी एकदा पण कण्हला नाय. मंग तू विचारलंस, "आजी काय करते रे? गोळ्या घेते का? गुडघा कसा आहे तिचा?"

माजी खुशाली तू कुत्र्याला विचारतेस, पूर्वी.

तो काय सांगणार होता तुला? मी दोन माळे खाली राहते. मला तोंड हाय. कुत्र्यापेक्षा बरं बोलते असं सगळा गाव सांगतो. नि ही बाई मंग बोलली, "पत्रं मिळाली ना तुला?" तू बोललीस, मिळाली. हिला बोललीस, मिळाली. मी इकडं वॉचमनला विचारत बसले.

हृतिक, मान खाली घालून लिव, माज्याकडं बघू नको.

म्हणजे तो जिना चढत होता तो तुज्यासाठी. नि मी समजत होते, बिस्किटासाठी. बिस्कीट असतं तर मी मोठा पुडा आणला असता. तुजा आवाज मी कुठल्या दुकानात मागू?

नंतर मी जिन्यात उभी राहून त्याला हाक मारली नि खाली आणला. बस. हृतिक विचारतोय, वॉचमन बोलला की जिन्यात सुकट जोरात ओरडला, ते काय? पाय अडकला असंल. लिव, पाय अडकला.

खाली आल्यावर अरुंधती मागनं आली. बोलली, "आजी, पूर्वीनंच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून. तिला वाटतं, तुम्ही हितेशना सांगाल आणि मग सुकटला वर येऊ देणार नाहीत." मी दार लावलं. तुमी दोघी इतकी वर्षं एका घरात राहिलात की काय, एकमेकींचं सगळं सांगायला? ती आमच्यात आली कवा? बिल्डिंग झाली तेव्हा. मी तुला न्हाऊ घातलंय. तुज्या टाळूला तेल भरलंय. पण नंबर बघ कसा लागला. पयली ती, मंग कुत्रा, मंग मी. सत्यजीत कुठं बसतो ते विचारत नाय.

आता खरं काम. सुकट माज्या हातचं खात नाय. ताटली ठेवली की भिंतीला घासत, माज्याकडं बघत, मागं मागं जातो. तुजी आयस ठेवते तेव्हा चाटूनपुसून खातो. "यू यू" केलं की सोफ्याखाली. बोंबलाचं पाणी तसंच ऱ्हातं, वास मारतो. दृष्ट लागलीय त्याला. कुणाची ते कागदावर नाय घालत, पण ती चौथ्या माळ्यावर राहते. मी मीठ-मिरच्या उतरवल्या, चुलीत टाकल्या, म्हणजे गॅसवर. ठसका आमालाच लागला.

हृतिक पेन ठेवून विचारतोय, "आजी, चाक कुठं हाय?"

तुज्या ठिपक्यावर हाय.

"बघू."

तू लिव. बघायचं ते नंतर.

आज आशीर्वाद नाय. आशीर्वाद पाहिजे तर कुत्र्याकडनं घे.

चंद्रावती


करंजाडे
शनिवार, २८ फेब्रुवारी

पूर्वी,

परत मोत्याचं अक्षर. मी वर जाऊन बोलले, "लिवायचंय." ती बोलली, "बसा." इतकंच. चष्मा लावला नि कागद घेतला. काय लिवायचं ते तिला ठाऊक हाय, तरी माज्या तोंडाकडं बघत बसलीय.

सुकट जिवंत हाय. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

काल दुपारी पाण्याचा टँकर आला. नळाला पाणी नाय, टँकर रोजचाच. मी भाजी घेऊन गेटात शिरत होते. टँकर रिव्हर्स घेत होता, ते गाणं वाजवत. सुकट मागल्या चाकाच्या सावलीत पसरलेला. उन्हाचा तिथंच निजतो हल्ली, घरात थांबत नाय. मी भाजी टाकली नि ओरडले, "यूऽ यूऽ यूऽ! ये रं, ये रं राजा!" जीव घालून ओरडले. रिमोट माज्याकडं नव्हता पण. घरी खुंटीला होता.

तो उठला. माज्याकडं बघितलं. शेपूट पोटाशी घेतली नि माज्यापासनं लांब, मागं, चाकांच्या आत गेला.

माजी हाक ऐकून तो टँकरखाली गेला, पूर्वी. मी गप ऱ्हायले असते तर तो आपसूक उठून बाजूला झाला असता, रोज होतो तसा.

वॉचमननं टाकीवर धाडधाड हात मारले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. सुकट दुसऱ्या बाजूनं निसटला नि जिन्यानं वर. कुठं वर, ते तुला सांगायला नको.

मी गेले तेव्हा तो हिच्या पलंगाखाली होता. ही लादीवर आडवी पडून त्याच्याशी हळूहळू बोलत होती. मी दारात उभी राहिले तर तो मुतला. मला बघून. लिवा अरुंधतीबाई, खाडाखोड नको.

संध्याकाळी हृतिक आला. पट्टा काढला. मानेला दोन जागी केस गेलेले, कातडी लाल. मी पट्टा काढतच नव्हते, हृतिकनं सांगितलं होतं रात्री काढायचा. रिमोट हातात घेतला नि विचारलं, "आजी, हे चाक कुणी फिरवलं?"

मी बोलले, "मी."

ठिपक्यावर होता तेव्हा सुकट जिन्यात थबकायचा नि परत वर चालायला लागायचा. मंग मी थोडं पुढं नेलं. मंग अजून थोडं. नेलपॉलिश घासून गेलं तरी नेलं. नि शिवरात्रीला, तुजा आवाज ऐकून मी जिन्यात आले तेव्हा, शेवटापर्यंत फिरवलं नि हाक मारली नि दाबलं. पाय अडकला नव्हता. त्या आकड्याला करंट कसा लागतो ते मला माहीत नाय. हृतिकनं रिमोट समोर धरला होता, पट्टा टेबलावर होता, हात लावून बघता आला असता. माजी हिंमत झाली नाय. पयल्यांदा मनगट पुढं करणारी हीच आजी.

हृतिक डोकं धरून बसला. बोलला, "आजी, तुमी हाक मारता नि त्याच वेळी दाबता. त्याला जिना नाय चावत, वरची मॅडम नाय चावत. त्याला तुमची हाक चावते." मंग बोलला, "मी हे तुमच्या हातात द्यायलाच नको होतं. ज्याला राग येतो त्याच्या हातात देत नाय मी. तुमी हसत होता म्हणून दिलं."

मी बोलले, आमच्यात राग हसूनच येतो.

तो हसला नाय. पट्टा पिशवीत घालून गेला. अजून म्हणतो, यंत्र वाईट नाय. असंल. अरुंधती अजून म्हणते, यंत्रच वाईट. असंल. मला एवढं कळलं की रोज चाटूनपुसून माज्या हातचं खाणारा आता माज्या सावलीला घाबरतो, नि ते मी माज्या बोटानं केलं.

नि ही बाई मला एक शब्द बोलली नाय. एक टोमणा मारला असता तर मला भांडता आलं असतं. त्याच्या मानेला हळद लावली नि मला विचारलं, "आजी, चहा घेणार?" बिनसाखरेचा. तोही प्याले.

आता तुज्या बापसाचं. पट्टा गेल्यावर आज सकाळी पयल्या विमानाला सुकट वरनं असा भुंकला की तीन विंगांत ऐकू गेला. हितेशनं यार्डाला फोन केला. होळी झाली की टेंपो येणार, बोलला. तुजी आयस काय बोलली नाय, तुला ती ठाऊक हाय. मी बोलले, "मी असताना कोण नेतो बघते." तर मला बोलला, "कुणासाठी भांडतेस आये? तो तुज्याजवळ तरी येतो काय?"

बरोबर बोलला. बापूस तुजा, पण नेम धरायला माज्याकडनं शिकलाय.

आजी


करंजाडे
शुक्रवार, ६ मार्च

पूर्वी,

होळीला पुरणपोळी केली. तुज्या वाटची कुणी खाल्ली ते विचारू नको, मला साखर हाय तरी खाल्ली.

टेंपो बुधवारी आला, सकाळीच. ड्रायव्हर साखळी घेऊन खाली उभा. हितेश बोलला, कुत्रा वरनं घेऊन येतो. मी बोलले, थांब, आंघोळ करून येते. तो बोलला, तुला कुठं जायचंय? मी बोलले, माणूस घरातनं जातो तर आंघोळ करत नाय काय?

मी ताटात तांदूळ, नारळ, खण, हळद-कुंकू घेतलं. तुज्या आयशीला बोलले, चल. ती बोलली, "कुठं?" मी बोलले, "ओटी भरायला. माज्या हातनं चालत नाय, तुज्या हातनं चालंल." ती ताट बघून एकदम समजली. पदर खोचला नि माज्या पुढं लिफ्टमध्ये. लग्न झाल्यापासनं माज्या पुढं चालली नव्हती.

अरुंधतीनं दार उघडलं. पँट नि टी शर्ट. आता ओटी कशात घालायची, बाईला पदरच नाय! मी बोलले, ओढणी आणा. ती बोलली, "अहो आजी, माझे मिस्टर गेले, मला ओटी नाही..." मी बोलले, "माजे पण गेले. आपण काय त्यांच्याबरोबर गेलो? धरा ओढणी."

तिनं धरली. तुज्या आयशीनं तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. नि मी सुकटची दोरी, ती जुनी सुताची, खणावर ठेवली.

हितेश मागनं आलाच होता. बोलला, "हे काय चाललंय?"

मी बोलले, "सुकट ओटीत दिला."

"कुत्रा ओटीत देतात काय, आये?"

"देतात. आत्ता दिला. आता परत मागायचा असंल तर माग. पण ओटीतलं परत मागणारा आपल्या गावात आजवर कुणी झाला नाय, ते बघ. पयला तू होशील. मी सगळ्यांना सांगेन, सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकायला लावीन."

तो आपल्या बायकोकडं बघत राहिला. तिनं कुंकवाचं बोट पुसलं नि बोलली, "टेंपोवाल्याला चा देऊन पाठवा." एवढंच. पण बोलली. मंग हितेश खाली गेला. जिन्यातनं बोलला, "भुंकला तर मला सांगायचं नाय." लिफ्ट असून जिन्यानं गेला.

तर असं झालं. मी जन्मात कधी कुणाला काय दिलं तर चांगलं दिलं, पण देताना इतकं जळलं कधी नव्हतं. लेकीला सासरी धाडताना रडतात, मला रडू आलं नाय, मला त्या ओढणीचा राग आला. बाई, लिवा. तुमच्या ओढणीचा राग आला. चांगली ओढणी हाय तरी.

आता तो चौथ्या माळ्याचा कुत्रा. विमान आलं की भुंकतो. ही खिडकी लावते, चपातीचा तुकडा काढते, गप झाला की देते. आता विमानाचा आवाज आला की एकदा वर बघतो नि मंग हिच्या हाताकडं बघतो. मी बोलले, ही तर लाच झाली. ती बोलली, "होय, लाचच." करंट नि लाच यांत लाच बरी, आपल्या तालुक्यातली निम्मी कामं तिच्यावरच झालीत.

मी रोज वर जाते. ती मला पाहुणीसारखी बसवते. मी दाराजवळच बसते, लादीवर, गुडघा तक्रार करतो तरी. हाक मारत नाय. "यू यू" तोंडात येतं, गिळते. तो खोलीच्या त्या टोकाला, हिच्या पायाशी. काल हिनं माज्या हातात भाताची वाटी दिली. मी ती लादीवर सरकवली, तोंड भिंतीकडं केलं नि बसून राहिले. बऱ्याच वेळानं वाटी वाजली. मी वळून बघितलं नाय. हिनं सांगितलं, खाल्ला. हिनं सांगितलं म्हणून मला खरं वाटलं, बघ काय दिवस आलेत.

आता शेवटचं, नि हे मी हिला दोनदा वाचून दाखवायला लावणार हाय.

तू हिच्या फोनवर येतेस तेव्हा परवापासनं मी तिथंच असते. तुला दिसत नाय. मी भिंतीला असते. तू सुकटशी बोलतेस, त्याचं नाक बघतेस, हसतेस. मी तुजा हसलेला आवाज ऐकते नि त्याच्यावर जळते. खरं सांगते, अजून जळते. काल तू परत त्याला विचारलंस, आजीचा गुडघा कसा आहे. अरुंधती माज्याकडं बघायला लागली, मी मान हलवली, नको. पयली हाक मी चुकवली, आता दुसरी हाक मी मारणार नाय. ती तू मार.

गुडघा दुखतो. गोळ्या घेते. तुज्यावर रागावले हाय, पण जेवते.

हा कागद पोचंल त्या दिवशी तुजं कुत्र्याशी बोलून झालं की फोन ठेवू नको.

आजी